बोली तीच ठेवा, आवाज पोहोचवा



निकाल लागले, अर्ज गेले की आमच्या मोर्शीत एक प्रश्न घरोघरी सुरू होतो. "मोबाईलवर मुलाखत आहे. काय बोलू?" कुणाची पुण्याच्या कंपनीत असते, कुणाची खासगी शाळेत शिक्षक म्हणून, कुणाची शिष्यवृत्तीसाठी. पूर्वी मुलाखत म्हटली की रात्रीची गाडी धरून नागपूर किंवा मुंबई गाठावी लागे. लेकीसोबत अब्बू नाहीतर भाई जायचे, दोन दिवस मोडायचे, आणि खर्च परवडला नाही तर मुलाखतच सुटायची. आता ती घरातल्या खोलीत येऊन बसते. ज्या मुलींचे बाहेरगावी जाणे घरात अवघड होते, त्यांच्यासाठी तर हे मोठेच दार उघडले आहे.

"काय बोलू?" असे विचारणाऱ्याला आम्ही उलट विचारतो, "कुठे बसून बोलणार?" यावर मुले हसतात. मग थोड्या वेळाने खाली मान घालून खरा प्रश्न विचारतात. "मेरेकू सब आता, लेकिन हमारी बोली सुनके वो लोग हँसेंगे तो?"

या महिन्याचा लेख या दोन्ही प्रश्नांसाठी आहे. आमचे उत्तर आधीच सांगून टाकतो. व्हिडिओ कॉलवर माणूस मागे पडतो तो बहुतेक वेळा बोलीमुळे नव्हे, तर आवाज नीट न पोहोचल्यामुळे. बोली बदलायला वर्षे लागतात आणि ती बदलायची गरजही नाही. आवाज मात्र आज संध्याकाळीच सुधारता येतो.

साल काळी, फळ गोड

आपल्या भागातल्या संत्रा बागायतदाराला हे लगेच कळेल. झाडावर काळी माशी आली की कोळशी पसरते. फळ आतून गोडच असते, पण साल काळवंडते आणि बाजारात भाव पडतो. खरेदीदार प्रत्येक फळ सोलून बघत नाही.

आवाजाचेही असेच होते. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ साली याचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांनी लोकांना एकच मजकूर ऐकवला. काहींना तो स्वच्छ आवाजात ऐकवला, तर काहींना हलक्या माइकमधून येतो तशा पत्र्यासारख्या पोकळ आवाजात. शब्द दोन्ही वेळा पूर्ण समजत होते. तरीही पोकळ आवाज ऐकणाऱ्यांना बोलणारा कमी हुशार वाटला, कमी विश्वासू वाटला आणि नोकरीसाठी कमी लायक वाटला. जोडीदार म्हणूनही तो कमी पसंत पडला. बोलणे तेच होते. फरक होता तो फक्त माइकचा.

यात दोन गोष्टी ध्यानात घ्यायच्या. पहिली अशी की ऐकणाऱ्यालाही कळत नाही की आपले मत माइकमुळे बदलले. दुसरी त्याहून महत्त्वाची. कॉलवर आपल्याला समोरच्याचा आवाज ऐकू येतो, स्वतःचा तिकडे कसा पोहोचतो ते कधीच ऐकू येत नाही. आरशात न बघता घराबाहेर पडावे तसे आपण रोज कॉल करतो. मग नकार आला की मुलगी म्हणते, "माझे बोलणेच खराब आहे." असा चुकीचा दोष स्वतःवर घेऊन किती मुले पुढचा अर्जच करत नाहीत! म्हणून हा विषय आम्हाला साधा वाटत नाही.

आधी खोली, मग फोन

वऱ्हाडातल्या घरात आवाजाचा पहिला शत्रू म्हणजे कुलर. मार्चपासून जूनपर्यंत तो चालू असतो आणि आपल्या कानांना त्याची इतकी सवय होते की तो ऐकूच येत नाही. माइकला मात्र येतो. फोन त्या घरघरीला दाबायला जातो आणि तिच्यासोबत तुमच्या शब्दांची टोकेही कापून टाकतो. म्हणून खोली आधी गार करून घ्या आणि कॉलच्या वेळेपुरता कुलर बंद ठेवा. वेळ निवडायची मुभा असेल तर सकाळची घ्या.

दुसरा शत्रू म्हणजे मोकळी खोली. वर टिन, खाली फरशी आणि चारही भिंती उघड्या असतील तर आवाज भिंतींवरून परत येतो आणि विहिरीत बोलल्यासारखे वाटते. त्यासाठी पैसे लागत नाहीत. फोनच्या मागच्या बाजूला दोरीवर जाड गोधडी किंवा रजई टाका, खाली चटई किंवा सतरंजी अंथरा. गाद्यांची चळत असलेली खोली तर फारच छान.

तिसरी गोष्ट अंतराची. आवाजाचा नियम असा की अंतर दुप्पट झाले की त्याचा जोर चौथ्या हिश्श्यावर येतो. फोन हातभर लांब ठेवून स्पीकरवर बोलले तर माइकला तुमच्यापेक्षा खोलीच जास्त ऐकू येते. वायरचे, माइक असलेले साधे इअरफोन लावा. बिनवायरचे दिसायला छान असतात, पण त्यांचा माइक तोंडापासून दूर, कानाशी असतो आणि स्वस्तातल्यांचा आवाज अनेकदा पोकळ जातो. इअरफोन नसतील तर फोन जवळ घ्या. बहुतेक फोनमध्ये बोलण्याचा माइक खालच्या कडेला असतो, त्यावर बोट किंवा कव्हर येऊ देऊ नका.

आमच्या भगिनींसाठी एक खास सूचना. इअरफोनचा माइक स्कार्फच्या आत गेला की कापड त्यावर घासते आणि पलीकडे सतत खसखस ऐकू येते. वायर बाहेर काढून माइकची घुंडी ओढणीवर पिनने किंवा चिमट्याने अडकवा. नकाब घालणाऱ्या बहिणींनी मुलाखतीच्या आधीच पत्र किंवा मेसेज पाठवून विचारावे की ओळख कशी पटवायची आहे आणि त्यासाठी महिला अधिकारी मिळेल का. ऐन वेळी गोंधळण्यापेक्षा आधी अदबीने विचारलेले बरे.

चेहरा दिसू द्या

उजेड समोरून हवा. खिडकीकडे पाठ केली की चेहरा काळा दिसतो, खिडकीकडे तोंड केले की उजळतो. दिव्याची गरजच पडत नाही.

फोन डोळ्यांच्या उंचीला ठेवा. तो मांडीवर असला की समोरच्याला आपली हनुवटी आणि छताचा पंखा दिसतो. डब्यांवर किंवा किताबांच्या चळतीवर टेकवता येतो. मात्र त्या चळतीत कोणती किताब आहे ते आधी बघून घ्या. धान्याचा डबा सगळ्यांत बिनधोक.

बोलताना कॅमेऱ्याच्या बारीक छिद्राकडे बघा, ऐकताना पडद्याकडे. छिद्राकडे बघितले की समोरच्याला वाटते आपण त्याच्याकडे बघतो आहोत. सुरुवातीला हे अवघड जाते, म्हणून छिद्राशेजारी रंगीत कागदाचा लहानसा ठिपका चिकटवा.

स्वतःचा चेहरा पडद्यावर दिसत असेल तर तो झाकण्याची सोय बऱ्याच अॅपमध्ये असते, ती वापरा. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ साली व्हिडिओ कॉलच्या थकव्याची चार कारणे मांडली. सतत जवळून रोखलेले डोळे, स्वतःलाच बघत राहणे, एका जागी खिळून बसणे आणि हावभाव कळायला व कळवायला लागणारे जास्तीचे कष्ट. दिवसभर कुणी आपल्यापुढे आरसा धरून उभे राहिले तर आपण बोलू की केस सावरू?

एक श्वास थांबा

समोरासमोर बोलताना एकाचे संपले की दुसरा लगेच सुरू करतो. दहा भाषांच्या बोलण्याचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात ही मधली फट सरासरी पाव सेकंदाहूनही कमी निघाली. म्हणजे आपण समोरच्याचे वाक्य संपायच्या आतच उत्तर तयार करतो.

कॉलवर आवाज पोहोचायलाच वेळ लागतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार एका बाजूने १५० मिलीसेकंदांपर्यंतचा उशीर बोलण्यात अडचण करत नाही. नेटवर्क कमकुवत झाले की उशीर त्यापुढे जातो आणि दोघे एकदम बोलू लागतात. मग "तुम्ही बोला", "नाही, तुम्ही बोला" सुरू होते. ऐकणाऱ्याला मात्र नेटवर्क दिसत नाही, त्याला माणूस दिसतो. एकाला तो मंद वाटतो, दुसऱ्याला उद्धट.

यावर उपाय एकच आहे. समोरच्याचे वाक्य संपले की एक श्वास घ्या, मग बोला. आपले उत्तर संपले की ते संपल्याचे कळू द्या. "इतकेच सांगायचे होते" एवढे पुरते. वाक्ये लहान ठेवा. मध्येच आवाज तुटला तर लहान वाक्य पुन्हा सांगता येते, लांबलचक वाक्याचे टोक सापडत नाही.

नेटवर्क फारच खराब असेल तर चित्र बंद करण्याची परवानगी मागा. आवाजाला चित्राच्या मानाने फारच थोडा डेटा लागतो. "आवाज नीट पोहोचावा म्हणून चित्र थोडा वेळ बंद करू का?" हे वाक्य पाठ करून ठेवा. असे विचारणारा माणूस घाबरलेला नाही, सावध आहे, हे समोरच्याला कळते. वीज जाण्याचाही भरवसा नसतो, म्हणून फोन आधीच पूर्ण चार्ज करा आणि घरातल्या दुसऱ्या फोनचा हॉटस्पॉट तयार ठेवा.

बोलीचे काय?

आता त्या दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ.

अमीन सयानी यांचे नाव आमच्या पिढीच्या घरांत अजून प्रेमाने घेतले जाते. मुंबईचे हे निवेदक २० फेब्रुवारी २०२४ रोजी अल्लाहला प्यारे झाले. १९५२ साली रेडिओ सिलोनवर त्यांची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. लांबून येणारा रेडिओ, मधूनच खरखर, आवाज कमी-जास्त होणारा. आजच्या खराब नेटवर्कचेच ते जुने रूप. चेहरा दिसायची तर सोयच नव्हती. तरीही "बहनों और भाइयों" म्हटले की घरातले हातातले काम सोडून ऐकत.

त्यांची भाषा अवघड उर्दू नव्हती आणि अवघड हिंदीही नव्हती. त्यांनी सुरुवात तर इंग्रजी कार्यक्रमांपासून केली होती. सोपी हिंदुस्तानी ते शिकले घरात, आईकडून. कुलसुम सयानी प्रौढ साक्षरतेचे काम करत. नव्याने वाचायला शिकलेल्यांसाठी त्यांनी १९४० ते १९६० अशी वीस वर्षे 'रहबर' नावाचे पत्र चालवले. ते देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत निघे. अमीन लहानपणापासून त्या कामात हातभार लावत. ज्याला कालच अक्षर कळले त्याला आजचे वाक्य कळले पाहिजे, ही त्या पत्राची कसोटी होती. त्याच कसोटीवर घासलेली भाषा पुढे रेडिओवरून घराघरांत पोहोचली.

दुसरे उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले. संत गाडगेबाबा अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. ते मुंबईत कीर्तन करत तेव्हाही वऱ्हाडीतच बोलत. सारखे प्रश्न विचारत आणि लोकांकडून उत्तरे घेत. 'मले', 'तुले' ऐकून मुंबईकर उठून गेले नाहीत, ऐकत बसले. आज अमरावतीचे विद्यापीठ त्यांच्या नावाने ओळखले जाते.

आपली उर्दूही काल आलेली नाही. अचलपूर १५७४ पर्यंत इमादशाहीची राजधानी होते. मराठी आणि दखनी शेजारी-शेजारी नांदल्या, त्यातून आपले 'मेरेकू' आणि 'नक्को' आले. त्याची लाज कशाला?

मात्र बोली आणि अस्पष्ट बोलणे यांत फरक करायला हवा. डोळ्याला 'डोया' म्हणणे ही बोली आहे. शब्दाचा शेवट गिळणे, घाईत दोन शब्द एक करणे, दर वाक्यात "मतलब" आणि "वो क्या है" घालणे ही सवय आहे. बोली राहू द्या, सवय सोडा. मुलाखत प्रमाण मराठीत किंवा इंग्रजीत असेल तर त्या भाषेत बोला, पण उच्चार उसने आणू नका. उसना उच्चार तिसऱ्या मिनिटाला सुटतो आणि मग सगळे लक्ष तो सांभाळण्यातच जाते. एखादा शब्द आठवला नाही तर गप्प न बसता "मी हे सोप्या शब्दांत सांगते" म्हणा आणि सांगा. शिक्षक म्हणून आमचा अनुभव असा की सोपे सांगता येणे हीच समजल्याची खूण असते.

मागून कुणी सांगू नये

हा भाग घरातल्या मोठ्यांसाठी आहे.

'महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई' या मुंबईच्या खटल्यात अमेरिकेतल्या एका डॉक्टरांची साक्ष हवी होती. ते भारतात यायला तयार नव्हते. १ एप्रिल २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की अशी साक्ष व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने घेता येईल. पडद्यावरची हजेरी न्यायालयाने हजेरी म्हणून मान्य केली, पण सोबत काही अटी घातल्या. साक्षीदाराच्या खोलीत देखरेखीला एक अधिकारी बसेल, दुसरे कुणी तिथे असणार नाही आणि साक्षीदाराला कुणी शिकवणार किंवा मागून सांगणार नाही, हे तो अधिकारी बघेल.

हा नियम आपल्या घरातही लावा. लेकीची मुलाखत चालू असताना दाराआडून अम्मी खुणा करते, भाई कागदावर उत्तर लिहून दाखवतो. मुलीचे डोळे तिकडे जातात आणि ते समोरच्याला लगेच दिसते. चांगली उत्तरे देणारी मुलगीसुद्धा मग पढवलेली वाटते.

रिश्त्याच्या कॉलवर हेच जास्त घडते. एका फोनसमोर खाला, फुफी, दादी सगळ्या दाटीवाटीने बसतात आणि मुलीला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तिसरेच कुणी देते. सलाम-दुआ सगळ्यांनी आधी करून घ्यावी, ख्याली-खुशाली विचारावी आणि मग जागा मोकळी करावी. एखादी वडीलधारी व्यक्ती जवळ बसली तर बसू द्या, पण उत्तर मुलीचे असू द्या आणि मुलाचे मुलाचे. ज्यांना आयुष्य काढायचे आहे त्यांचा आवाज एकमेकांना नीट ऐकू यायला हवा. आणि समोरच्याला न विचारता कॉल रेकॉर्ड करणे किंवा फोटो काढून नातेवाइकांत फिरवणे हा अमानतीचा भंग आहे. रिश्ता जमो न जमो, ते करू नये.

डॉक्टरांच्या कॉलवरही दादा-दादींना स्वतः बोलू द्या. सरकारच्या ई-संजीवनी सेवेमुळे घरबसल्या डॉक्टरांचा सल्ला मिळतो. कॉल लावण्याआधी कागदावर तीन ओळी लिहा. काय होते, कधीपासून होते, कोणती औषधे चालू आहेत. गोळ्यांची पाकिटे हाताशी ठेवा. दादीला ऐकू कमी येत असेल तर तुम्ही डॉक्टरांचा प्रश्न तिच्या कानाशी सांगा, पण कुठे दुखते ते तिलाच सांगू द्या. तिच्या आवाजातला दम आणि खोकला डॉक्टरांनी ऐकायला हवा.

आठवड्याचा गृहपाठ

आम्ही शिक्षक आहोत, गृहपाठ दिल्याशिवाय तास संपत नाही.

पहिल्या दिवशी स्वतःची ओळख दोन मिनिटे बोलून फोनवर रेकॉर्ड करा आणि डोळे मिटून ऐका. दुसऱ्या दिवशी तेच बोलणे गोधडी टांगून, कुलर बंद करून, इअरफोन लावून पुन्हा रेकॉर्ड करा आणि दोन्ही शेजारी-शेजारी ऐका. फरक कानाला कळेल. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या गावच्या मैत्रिणीला किंवा चुलत भावाला कॉल करा आणि कसे दिसते ते न विचारता एवढेच विचारा, "माझा कोणता शब्द तुला कळला नाही?" ते शब्द वहीत लिहा. पुढचे तीन दिवस तेवढेच शब्द सावकाश म्हणा. सातव्या दिवशी घरातल्या कुणाला तरी परीक्षक करा, पूर्ण मुलाखत घ्या आणि प्रत्येक उत्तराआधी एक श्वास थांबा.

यात इअरफोन सोडून पैशाचे काही नाही. वेळही दिवसाला पंधरा मिनिटे. हे मुलींसोबत मुलांनीही करावे आणि अम्मी-अब्बूंनीही. बाहेरगावी शिकणाऱ्या किंवा परदेशात कमावणाऱ्या लेकाला रोज छताचा पंखा बघण्यापेक्षा आईचा चेहरा दिसला तर त्याचा दिवस चांगला जाईल.

मुलाखतीच्या दिवशी बिस्मिल्लाह करून दार लावून घ्या, घरच्यांना अर्ध्या तासासाठी आवाज न करण्याची विनंती करा आणि आपल्याच बोलीच्या सुरात, सावकाश, पूर्ण वाक्यात बोला. इन्शाअल्लाह, तुमचे म्हणणे पोहोचेल.